प्रेताची विचारपूस

नाटकाच्या तालमीत तो मेलेल्या आईवर कोसळून रडायचा, पण ते रडणं काही केल्या खरं वाटत नव्हतं. त्यात आईचं काम करणाऱ्या मावशी डोळे न उघडता पुटपुटायच्या, “जेवलास का रे?” कामावरून तसाच उपाशी आलेला तो फिस्सकन हसायचा. शेवटी दिग्दर्शक कडाडले, “मावशी, प्रेतं विचारपूस करत नाहीत! आणि तू, रडू आणायला जाऊ नकोस. आई काहीतरी बोलेल म्हणून वाट बघ. उद्या जमलं नाही, तर भूमिका गेली समज!” रंगीत तालमीला तो वाकला. सवयीने कान मावशींच्या ओठांशी नेला. ओठ हलले नाहीत. “विचार ना, आई,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि बांध फुटला. पडदा पडला तरी हुंदके थांबेनात. प्रेत उठून बसलं. उशीखालचा डबा पुढे सरकवत म्हणालं, “आता विचारत नाही, सांगतेय. जेव!”