डावा दिवा

"हे काम माझ्या नवऱ्याचं आहे," मर्ना म्हणाली आणि दिवा हातातून खाली ठेवायला तयारच होईना.

समोर उभे असलेले गाडीमालक हॅस्केट गोंधळले. १९३८ सालची पॅकार्ड मोटार त्यांनी आयडाहोतल्या एका लिलावात घेतली होती. मागचा डावा दिवा शाबूत, उजवा गायब. दिवे कारखान्यातले नव्हतेच. कुणीतरी पितळी पत्रा हातानं ठोकून केले होते. आता तसाच उजवा हवा होता.

"कशावरून म्हणता?" त्यांनी विचारलं.

"ठोके बघा ना. सगळे एकाच बाजूला कललेत. डावखुरा होता तो. आणि पत्रे सांधणाऱ्या डाखाची ही रेघ! अशी रेघ ओढणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. आमच्या सुरुवातीच्या वर्षांतला असणार. तेव्हा कुठकुठून गिऱ्हाइकं यायची!"

नोव्हेंबर १९८४ मध्ये तिचा नवरा आर्व्हिड ह्युरॉन सरोवरावर मासे धरायला गेला. दोन दिवसांनी नाव सापडली, उलटी झालेली. तो सापडलाच नाही. अल्पिना गावच्या चर्चमध्ये त्याच्या फोटोसमोर प्रार्थना झाली आणि सोमवारी मर्नानं जुन्या गाड्यांचे भाग घडवायचं दोघांचं वर्कशॉप उघडलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

भागांवर क्रोम चढवायचं काम ऑरेनकडे असे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, गुडघ्यांनी हैराण झालेला हा माणूस दर गुरुवारी मर्नाकडे चक्कर टाकायचा. यंदा त्यानं धंदा आवरला होता.

"मर्नाबाई, महिनाअखेरीला मी ॲरिझोनाला निघतोय. ट्रेलर जोडलाय. दोन खुर्च्या टाकल्यात त्यात."

"दुसरी कुणाला?"

"मांजराला." तो टोपी फिरवत राहिला. "तुला चांगलं ठाऊक आहे कुणाला ते."

आधी तीनदा विचारून झालं होतं. या खेपेला मर्नाचं मन वळत आलं होतं. थंडीचा तिला कंटाळा आला होता, आणि ऑरेन तिला हसवायचा. बर्फाचं फावडंसुद्धा तिनं शेजारणीला देऊन टाकलं होतं. आणि नेमका तेव्हाच हा दिवा आला.

तीन आठवडे ती उजवा दिवा घडवत बसली. ठोके तसेच पडावेत म्हणून हातोडी डाव्या हातात धरली. फोड आले, अंगठा सुजला. पाचव्या दिवशी अचानक त्याच्या ठोक्यांचा ताल सापडला, आणि ती हुंदके देऊन रडली. इतक्या वर्षांत एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

दिव्याच्या आत तळाला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, आर्व्हिड तीन ओळी कोरायचा: काम कुणाचं, डाख देताना उजेड कुणी धरला, आणि तारीख. मधली ओळ कायम तीच असायची: उजेड धरला बायकोनं.

"माझं नाव घालायला काय होतं रे तुला?" ती भांडायची.

"नाव कशाला? बायको एकच आहे मला," तो म्हणायचा.

जोडीतला दुसरा दिवा करणाऱ्यानं पहिल्यातल्या ओळी उतरवून घ्यायच्या आणि खाली आपली ओळ घालायची, असा या धंद्यातल्या लोकांचा रिवाज. त्यासाठी डाव्याचं डाखलेलं झाकण उघडावं लागणार होतं. मर्नानं ते मुद्दाम शेवटाला ठेवलं, मुलं केकवरचं क्रीम ठेवतात तसं.

शनिवारी सकाळी ऑरेन ट्रेलरसकट दारात आला. उजवा दिवा तयार होऊन डाव्याशेजारी बसला होता.

"मग? काय ठरलं?"

"नाही जमायचं, ऑरेन. तो अजून इथंच आहे. तीन आठवडे माझ्या हातात होता. मी त्याला सोडून कशी येऊ?"

ऑरेननं दोन्ही दिवे नीट पाहिले. कोणता कुणाचा, ते त्यालाही ओळखता आलं नाही.

"मेलेल्या माणसाशी कोण भांडणार," तो म्हणाला.

ट्रेलरमधली एक खुर्ची काढून त्यानं तिच्या दाराशी ठेवली. "मांजर येत नाही म्हणालं," एवढं बोलून तो गाडीत बसला. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत मर्ना दारात उभी होती. आपण बरोबर वागलो याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

आत येऊन तिनं डाख वितळवायचा गॅसचा टॉर्च पेटवला. डाख वितळला, झाकण सुटलं. आतली काजळी तिनं फडक्यानं पुसली आणि चष्मा लावला. अक्षर त्याचंच होतं, डावीकडे झुकलेलं.

काम आर्व्हिडचं.

उजेड धरला बायकोनं.

मर्नाचे डोळे भरून आले. चष्मा काढून तिनं ते पुसले, आणि पुन्हा चष्मा लावून तिसरी ओळ वाचली.

१४ मे १९९३.