तुलनेसाठी एक गुडघा

“सोंग आहे,” कंपनीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी प्रसादाचा पेढा तोंडात टाकला.

हिंदुरावच्या कपाळाची शीर तटतटली. वर्षानुवर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचं पेडल दाबून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. आता पाय वेळेवर उचलत नव्हता. पाय पेडलवर राहिला की प्रेस पुन्हा खाली येई, आणि तोवर हात आत गेलेला असे. बोटं जायच्या आधी बसून करायचं काम द्या, एवढंच त्याचं मागणं. डॉक्टर दर वेळी गुडघा दाबून बघत, सूज नाही म्हणत आणि त्याला परत प्रेसवर धाडत.

आज खंडेनवमी. धुतलेली यंत्रं झेंडूच्या माळा घालून गप्प उभी होती. कामगारांची बायकापोरं वर्षातून एकदाच कंपनी बघायला येत, तशी आली होती. हिंदुरावच्या मागेच उभी असलेली त्याची बायको शालनबाई रहाटणी गावाहून चालत आली होती. मघाशी प्रेस शॉपच्या पायऱ्या ती कठड्याला धरून चढू लागली, तेव्हा तो खेकसलाच, “चल की! लोकांपुढं लाडात येऊ नगंस.”

इंजिनिअर श्रीपाद पाहुण्यांना जर्मनीहून आलेला चपटा माइक दाखवत होता. यंत्राला चिकटवला की आतलं बेअरिंग झिजलंय का, ते आवाजावरून कळे. आवाज शेजारच्या खोक्यातून मोठा होऊन येई.

“साहेब, त्यो माझ्या गुडघ्याला लावा,” हिंदुराव म्हणाला.

“अहो, तो बेअरिंगसाठी आहे.”

“मग मी काय येगळा हाय? मलाबी तुमी फिरवताच की!”

लोक हसले. श्रीपादने माइक लावला. हिंदुरावने पाय दुमडला, आणि खोक्यातून वाळक्या तुरकाट्या मोडाव्यात तसा कडाकडा आवाज आला. एरवी या शॉपमध्ये शेजारच्याची हाकही ऐकू येत नसे. आज गुडघा ऐकू आला.

“ऐका, डाक्टर!” हिंदुराव ओरडला. “म्हणा आता सोंग!”

डॉक्टरांनी रुमालाला बोटं पुसली. “या वयात सगळ्यांचेच गुडघे वाजतात. तुलनेला एखादा धडधाकट गुडघा लावून बघा.”

“हिचा लावा! ही घरीच तर असती. हिला काय धाड भरलीया?”

श्रीपादने माइक शालनबाईच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. स्टुलावर बसून तिने तो लुगड्याच्या आत गुडघ्याला धरला. पाय लांब केला. दुमडला.

पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज आला. एका बाईने पदर तोंडाला लावला.

डॉक्टर हसले. “झालं समाधान? हिचा तुझ्याहून जास्त वाजतो, आणि ही रहाटणीहून चालत आली. म्हणजे आवाजाला काही अर्थ नाही. दसरा झाला की प्रेसवर उभा राहा.”

हिंदुराव बायकोवरच उसळला. “शालन, मुकी झालीस व्हय? दुखतोय म्हणून सांग की त्यास्नी! सांग!”

तिचा गुडघा दुखावा, असं त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं.

शालनबाईने माइक स्टुलावर ठेवला. लुगडं सारखं केलं.

“काय हो बाई, दुखतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“दुखतो. कूस बदलता येत न्हाई.”

“मग नवऱ्याला कधी सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. लई डाव.”

“काय म्हणाला तो?”

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे. तिचा आवाज चढला नाही, पण गप्प यंत्रांमधून तो पार दरवाज्यापर्यंत गेला.

“मगाशी पेढा खाताना तुमी म्हणाला, तेच.”