महिला दिनाचं प्रात्यक्षिक

मेडल गळ्यात घालून झालं, तरी बबनरावांचा हात दिपालीच्या पाठीवरून निघाला नाही.

"भाऊ, इकडं बघा," खालून फोटोग्राफर म्हणाला. भाऊंनी कॅमेऱ्याकडे बघितलं, छानसं हसले. हात पाठीवरून खाली सरकला आणि कमरेवर थांबला. बोटं दाबली गेली. चुकून लागलेला हात कसा असतो आणि हा कसा, हे कळायला बाईला क्लास लावावा लागत नाही.

अत्तर आणि सुपारी यांचा मिळून एक वास दिपालीच्या कानाशी येत होता. कराटेच्या जाड पांढऱ्या कापडातूनही त्या तळव्याचा ओलेपणा तिला जाणवत होता.

कुरुळीत महिला दिनाचा, कराटे क्लासच्या बायकांना मेडल देण्याचा कार्यक्रम होता. मंडप बबनरावांनी घातला होता. मागच्या फ्लेक्सवर 'नारीशक्तीला सलाम' ही अक्षरं होती आणि त्यांच्या चौपट मोठा बबनरावांचा चेहरा. यंदा ते निवडणुकीला उभे राहणार, हे गावाला ठाऊक होतं. समोर सतरंजीवर लहान मुलांची बॅच मांडी घालून बसली होती. त्यात दिपालीची पिंकीही होती.

दिपाली लातूरकडची. नवरा-बायको दोघंही चाकणच्या कंपन्यांत. कंपनीच्या बसथांब्यावर एकदा एकानं तिची ओढणी धरली होती आणि ती नुसती थिजून उभी राहिली होती. त्यानंतर तिनं रविराज सरांचा क्लास लावला. पिंकीला लावला आणि स्वतःलाही. सकाळची शिफ्ट करून संध्याकाळी दोघी जायच्या. सर मनापासून शिकवायचे. बायका लाजल्या की स्वतःचा हात पुढे करायचे. "पिळा ताई, जोरात पिळा. समोर कोण आहे ते बघायचं नाही."

तिनं बघितलं नाही. कमरेवरच्या हाताचा अंगठा पकडला, मनगट बाहेरच्या बाजूला पिळलं आणि पाऊल मागे घेतलं. बबनराव कमरेत वाकले. "आयाया" एवढंच त्यांच्या तोंडातून निघालं.

समोरचे चार-पाच जण खुर्च्यांवरून उठले.

माइक सरांकडे होता. "मंडळी!" ते ओरडले. "हे बघा, अचानक प्रात्यक्षिक! खुद्द भाऊंनी आपला हात दिलाय त्यासाठी! होऊ द्या जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मागून शिट्ट्या आल्या. त्या कानावर पडल्या तसा वाकलेल्या बबनरावांचा चेहरा सावरला. "बघितलं का," ते तसेच वाकून म्हणाले, "आपल्या ताया कशा तयार झाल्यात!" मंडप खळखळून हसला.

सर माइक छातीशी दाबून जवळ आले. "ताई, सोडा आता. हसा जरा. क्लासला हॉल यांच्या शब्दावर मिळालाय. उद्या कुलूप लागलं तर ही पोरं कुठं जातील?"

"सर, तुम्ही बघितलंत ना?"

सरांनी मान खाली घातली. "बघितलं म्हणून तर म्हणतोय."

तिनं हात सोडला. बबनरावांची शिसारी आली होतीच, पण त्या माणसाकडून तिला कधी काही हवं नव्हतं. सरांची आलेली किळस मात्र गिळता येईना. गुरू म्हणून रोज ज्याला वाकून नमस्कार केला तो हा माणूस. आणि समोर पिंकी सतरंजीवर उड्या मारत टाळ्या वाजवत होती. आईनं भाऊंबरोबर काहीतरी मस्त खेळ केला, असंच ती आज घरी बाबांना सांगणार.

दिपाली पायऱ्या उतरायला लागली. सरांनी घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं. "आपल्या बॅचमधल्या सगळ्यात ज्येष्ठ, कस्तुराकाकू!"

कस्तुराकाकू मूळ गावातल्या, बबनरावांच्या भावकीतल्या. नात्यानं त्यांची चुलतीच. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितला म्हणून साडीखाली ट्रॅक पँट घालून क्लासला यायच्या. त्यांची लाथ कधी कुणाच्या पोटरीच्या वर गेली नाही आणि त्यावर सगळ्यांच्या आधी त्याच हसायच्या. आता मात्र त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"काकू, या ना वर," सर म्हणाले.

बबनराव दुसरं मेडल हातात घेऊन तयार होते. "ये की काकी! घाबरली का काय?"

"मी न्हाई यायची," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नव्हती. "आधी त्या बबन्याला हात मागं घ्याया सांगा."

काही बाया फिदीफिदी हसल्या. पुरुषांच्या बाजूनंही हसू आलं.

"काकू, चेष्टा नको," सर माइकवरून म्हणाले.

दिपाली शेवटच्या पायरीवर थांबली होती. ती वळली, परत वर चढली आणि सरांच्या हातातला माइक धरला. सरांनी तो क्षणभर सोडला नाही. मग सोडला.

"ती चेष्टा नाही," ती म्हणाली. आवाज मंडपाच्या शेवटापर्यंत पोचत होता. "आणि मघाशी मी केलं ना, ते प्रात्यक्षिक नव्हतं."

हसणारे थांबले. बबनराव अजून हसतच होते, पण मेडल त्यांच्या पायाशी पडलं होतं आणि दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले होते.