पिवळी बेलबॉटम

सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये सुगतने वडिलांना मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. अमेरिकेत शिकणारी ऋचा सुट्टीत मैत्रिणींबरोबर गाडीने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात भटकत होती, आणि हौस म्हणून जुन्या काळचे कपडे घालून फोटो काढत होती. या फोटोत ती पिवळी बेलबॉटम आणि ठिपक्यांचा स्लीव्हलेस टॉप घालून गाडीला टेकून उभी होती.

दादारावांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. कपडे त्यांनी लगेच ओळखले. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या बायकोने, हिराने, ते मोठ्या हौसेने शिवून घेतले होते, आणि "आपल्या घरात हे चालायचं नाही," एवढंच ते म्हणाले होते. ती त्यावर काही बोलली नाही, तेव्हा विषय संपला असं त्यांनी धरलं होतं. हिराला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

त्यांनी सुगतला फोन लावायला सांगितलं.

"छान दिसतंय गं तुला," ते ऋचाला म्हणाले. "पण आजीनं इतकी वर्षं जपून ठेवलं, तर एकदा तरी घालायचं होतं. इथे सिंगापुरात आल्यावर मी कशाला नाही म्हटलं असतं?"

"आजोबा, हे देताना आजी म्हणाली होती, तुझ्या आजोबांना दिसणार नाही इतक्या लांब गेलीस, की मगच घाल."