आजीच्या खोलीचं दार

घराला नवं दार बसलं. जुनं भक्कम दार टाकवेना, म्हणून मुलाने ते मागच्या खोलीला, आईच्या खोलीला लावून घेतलं.

"साहेब, आतल्या खोलीला बाहेरचं दार?" सुतार हसला. "हे ओढलं की आपोआप लॉक होतं बरं. आजींच्या बाजूने किल्लीच लागेल."

"किल्ली हिच्याकडे राहू दे, आईकडून हरवेल," बायकोकडे बघत मुलगा म्हणाला. "आणि आई, आता टीव्ही नाही की पोराचा दंगा नाही. कशी शांत झोपशील बघ!"

"मला दंगा आवडतो रे," आई पुटपुटली. तोवर स्क्रू आवळून झाले होते.

संध्याकाळी हॉलमध्ये नातवाचा आवाज आला, तसं तिने आतून हळूच दार वाजवलं. मग जरा जोरात.

"कोण आहे बघ रे राजा!" सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

नातवाने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि एक डोळा घट्ट मिटून दारावरच्या भिंगातून पाहिलं, अगदी बाबा पाहतात तसं.

"कोणी नाही गं, आजी आहे."



"मग उतर बाळा खाली, पडशील."