बोटांचा वेग

अठ्ठावन्न साली शेषगिरीराव तंजावुरात टायपिंगची संस्था चालवत. दर रविवारी राजवाड्यामागच्या आपल्या मराठी पोरापोरींना बसवून सांगत, "शिफारशीच्या मागं लागू नका. बोटांना वेग हवा, कागदावर चूक नको. नोकरी घर विचारत येईल."

चंद्रमतीनं ते मनावर घेतलं. दोन वर्षांत ती संस्थेत पहिली आली. पापनाशमच्या एका कचेरीत टायपिस्टची एकच जागा निघाली, तिथं तिनं अर्ज केला.

सोमवारी रावांनी तिला बोलावलं. "पापनाशमच्या त्या जागेसाठी माझ्या भाच्याचं शिफारसपत्र धाडायचंय. तूच टाइप कर गे. तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही."

चंद्रमती मशीनपुढं बसली.

पत्रात एकही चूक नव्हती.