तीन कोटेशनं

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, आणि आत नेमके परदेशी सल्लागार साहेब! युद्धातून सावरणाऱ्या त्या आफ्रिकी देशात ते मदतीच्या पैशांसोबत आले, आणि अर्थखात्यात त्यांच्या सहीशिवाय टाचणीसुद्धा येईनाशी झाली.

“अहो, मेकॅनिक बोलवा!” साहेब आतून ओरडले.

“बोलावते की साहेब,” हेडक्लार्क फिंडा फटीतून गोड आवाजात म्हणाली, “पण आधी तीन कोटेशनं लागतील. नियम तुमचाच.”

मेकॅनिक तिच्या शेजारीच पाना घेऊन उभा होता. तिला फक्त एकदा साहेबांच्या तोंडून ‘खड्ड्यात गेला नियम’ ऐकायचं होतं.

“फाईल द्या इकडे!”

तिनं दुरुस्तीची फाईल आत सरकवली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. लाल शाईत शेरा होता: ‘लिफ्टवर खर्च अनावश्यक. जिना वापरावा.’